अंगदुखीची गोळी : डबा उघडून पाहू या



गेल्या वर्षावासात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहारात बायकांना एक साधी गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी येताना घरातला गोळ्यांचा डबा सोबत आणा. काहीजणी हसल्या, पण बहुतेकींनी आणला. कुणाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कुणाचा श्रीखंडाचा, एका आजींनी तर रुमालाच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. सतरंजीवर सगळं ओतलं आणि एकेक गोळी हातात घेऊन बघायला बसलो.

निम्म्या गोळ्यांवर नावच नव्हतं. मेडिकलवाल्याने पट्टीतून दोन गोळ्या कापून दिलेल्या आणि कापताना नावाचा भाग त्याच्याकडेच राहिलेला. काही सुट्या पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्या कागदाच्या पुडीत होत्या. विचारलं, तर उत्तर एकच, "अंगदुखीची आहे." एका मावशींच्या डब्यात चार वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या. एक तापाची, एक सर्दीची, एक डोकेदुखीची, एक कंबरेची. पाठीमागची बारीक अक्षरं वाचली, तर चारही पट्ट्यांत पॅरासिटामॉल होतं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी एकच औषध चारदा विकत घेतलं?" विकत घेतलं ते जाऊ द्या, पण आजारी पडल्यावर त्या चारही गोळ्या एकाच दिवशी खात होत्या. या पानावर लिहायचं आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गोळी खाणाऱ्या बाईला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पहाटेची विरार लोकल पकडून अंधेरी-बोरिवलीला चार घरची कामं करणारी ताई, वालीव-सातिवलीच्या गाळ्यात दिवसभर उभी राहणारी पोरगी, घरात मान खाली घालून इमिटेशनचे दागिने जोडणारी आई, यांना खाडा परवडत नाही. खाडा पडला की पगार कापला जातो. डॉक्टरची फी आणि औषधं मिळून अर्ध्या दिवसाची कमाई जाते आणि मेडिकलमधली गोळी थोडक्या पैशांत मिळते. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात बरीच वर्षं काढली, त्या काळात रात्रपाळीला आम्हीही अशा गोळ्या खाल्ल्या आहेत. तेव्हा गोळी घ्यायचीच असेल, तर कोणती, किती आणि कधी नाही, एवढं तरी आपल्या हातात असावं.

दुखण्यावरच्या ज्या गोळ्या आपल्या घरात असतात त्यांचे मुख्य दोन प्रकार. एक पॅरासिटामॉल. डोलो, क्रोसिन ही त्याचीच नावं. दुसरा प्रकार सुजेवरच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अॅसिड आणि जुनी अॅस्पिरिन ही सगळी त्यात येतात. कॉम्बिफ्लाममध्ये दोन्ही प्रकार एकत्र आहेत, ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. कंबरदुखीसाठी मेडिकलवाला जी गोळी देतो ती बहुतेक वेळा असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल मिळून केलेली असते. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, औषधाचं नाव खाली किंवा मागे बारीक अक्षरात. वाचायचं ते बारीक अक्षरातलं.

या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या काम कशा करतात ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. मार लागला किंवा सांधा सुजला की शरीर तिथे एक रसायन तयार करतं आणि त्यामुळे दुखणं जाणवतं. गोळी ते रसायन तयार होणं बंद करते, म्हणून आराम पडतो. पण तेच रसायन शरीराची दोन चांगली कामंही करत असतं. जठराच्या आतल्या बाजूला आम्लापासून वाचवणारा लेप असतो, तो त्याच्यामुळे टिकतो. आणि अंगात पाणी कमी पडलं की किडनीकडे जाणारी रक्ताची नळी उघडी ठेवण्याचं कामही तेच करतं. गोळीला गुडघा कुठला, जठर कुठलं, किडनी कुठली हे कळत नाही. ती सगळीकडेच ते रसायन बंद करते.

म्हणून उपाशीपोटी खाल्लेल्या गोळीने जळजळ होते आणि रोजच्या गोळीने जखम होऊन आतल्या आत रक्त जाऊ लागतं. डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली तर ते पोटातलं रक्त असतं. त्या दिवशी गोळी बंद आणि थेट दवाखाना. "इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास नाही" असं खूपजण म्हणतात. ते खोटं आहे, औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. "सोबत गॅसची गोळी घेते" हे अर्धंच खरं आहे. गॅसची गोळी जठराला थोडं सांभाळते, पण किडनीसाठी तिचा काही उपयोग नाही.

आणि आमची खरी काळजी किडनीचीच आहे. आपल्या बायका पाणी किती पितात ते आठवा. लोकलमध्ये दीड-दोन तास, कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत, गाळ्यात बायकांसाठी सोय नाही, वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात रात्री जायची भीती. म्हणून सकाळपासून घोट घोट पाणी. वर मे महिन्याचा घाम. अशा कोरड्या पडलेल्या शरीरात किडनी त्या रसायनाच्या आधारावरच चालत असते आणि नेमकी तेव्हाच आपण डायक्लोफेनॅक गिळतो.

आमच्या ओळखीची एक ताई, वय पस्तीसच्या आसपास, दागिने जोडण्याचं काम घरी आणून करायची. मान आणि खांदा धरायचा. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, असं जवळजवळ दोन वर्षं. कुणी सांगितलंच नव्हतं की ही रोज घ्यायची नसते. आधी पायावर सूज आली, मग सकाळी डोळ्यांखाली. थकवा येतो म्हणून तिने ताकदीची गोळी सुरू केली. एका खाजगी दवाखान्यात तिला पुन्हा दुखण्याचंच इंजेक्शन मिळालं, रक्त तपासायला कुणी सांगितलं नाही. आम्ही भेटलो तेव्हा क्रिअॅटिनिन वाढलेलं होतं. गोळी थांबवली, उपचार सुरू झाले, डायलिसिसपर्यंत गेलं नाही. पण किडनीचं गेलेलं काम पूर्ण परत आलं नाही आणि तिला आता आयुष्यभर तपासणीखाली राहावं लागणार आहे. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोफत होतो हे खरं, पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडून राहायचं आणि त्या दिवशीची मजुरी बुडवायची. ती मजुरी कुठल्या योजनेत नाही.

डायक्लोफेनॅकबद्दल एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्याकडची गिधाडं अचानक दिसेनाशी का झाली? गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचायचे, ती गुरं मेली की गिधाडं खायची आणि किडनी बंद पडून मरायची. २००६ साली सरकारने हे औषध जनावरांसाठी वापरायला बंदी केली. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, माणसाला हे औषध चालतं. पण हे औषध किती जोरकस आहे ते यावरून ध्यानात यावं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं असतं. पट्टीवर डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' असं चिन्ह दिसलं की समजा, ही गोळी मागून घ्यायची नाही, लिहून घ्यायची आहे. नियम असला तरी मेडिकलवाले सर्रास देतात, हा भाग वेगळा.

बीपीची गोळी चालू असेल तर जास्त जपा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एखादी गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी (पुष्कळदा दोन्ही एकाच गोळीत असतात) घेणाऱ्या माणसाने वरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं, की किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. शिवाय बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. "गोळी खाते तरी बीपी उतरत नाही" असं सांगणाऱ्या आजींना गुडघ्यासाठी काय घेता ते विचारा. शुगर, हृदयाचा त्रास, दमा, आधी झालेला अल्सर, साठीच्या पुढचं वय, यांतलं काहीही असेल तर सुजेवरची गोळी स्वतःच्या मनाने नको. गरोदर बाईने तर नाहीच. पाचव्या महिन्यानंतर या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या किडनीवर परिणाम होतो, गर्भाभोवतीचं पाणी कमी होतं.

आता पावसाळ्याकडे येतो, कारण आपल्या भागात सगळ्यात घाईची चूक तेव्हाच होते. २०१८ च्या जुलैत वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडली, लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले, हे कुणी विसरलेलं नाही. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. उंदराच्या लघवीने बाधलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून, जखमांतून लेप्टो अंगात शिरतो. ताप येतो आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही. पाणी ओसरून डबकी साचली की डेंग्यू येतो. त्यातही हाडं मोडल्यासारखं अंग दुखतं. मग माणूस म्हणतो, साधी गोळी नको, जोरदार दे. आणि मेडिकलवाला डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड किंवा कॉम्बिफ्लाम देतो.

डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, रक्तस्राव होऊ शकतो. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या तो धोका वाढवतात. लेप्टो किडनीवरच हल्ला करतो, त्यात या गोळ्या भर घालतात. म्हणून जून ते ऑक्टोबर, तापाचं कारण कळेपर्यंत घरात फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, ओआरएस. दुसरं काही नाही, इंजेक्शनही नाही. दोन दिवसांत ताप हटला नाही तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. पुराच्या पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, ताप आठ-दहा दिवसांनी आला असला तरी सांगा. डेंग्यूत ताप उतरला की लोक कामावर जातात, पण धोक्याचे दिवस बरेचदा तिथूनच सुरू होतात. पोटात सतत जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गुंगी, लघवी कमी होणं, डोळे पिवळे किंवा लाल होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा.

निमेसुलाइडचं वेगळं सांगायला हवं, कारण "ताप लगेच उतरतो" म्हणून ते अजूनही पोरांना दिलं जातं. या औषधाने यकृत बिघडू शकतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते विक्रीला आलंच नाही. आपल्याकडे २०११ साली १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्याला बंदी झाली आणि २०२५ च्या डिसेंबरअखेरीस १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या साध्या गोळ्याही बंद केल्या. घरात जुनं निमेसुलाइडचं सिरप किंवा पोरांची गोळी पडून असेल तर ती वापरू नका. अॅस्पिरिनही मुलांना नको, तापात दिली तर मेंदू आणि यकृताचा एक दुर्मिळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

मग पॅरासिटामॉल सुरक्षित का? मापात घेतलं तर होय, घरातलं सगळ्यात सुरक्षित. पण माप चुकलं तर हेच औषध यकृत निकामी करतं. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर ठेवून. हे धडधाकट माणसाचं. आपल्या वस्तीतल्या कित्येक बायकांचं वजन ४०-४५ किलो भरतं. त्यांनी २ ते ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. रोज दारू पिणाऱ्याने आणि कावीळ होऊन गेलेल्याने २ ग्रॅमच्या आत राहावं, तेही डॉक्टरांना विचारून.

त्या मावशींचा हिशेब तिथेच सतरंजीवर बसून केला. तापासाठी ६५० ची गोळी तीनदा, झाले १९५०. कंबरेसाठी ३२५ वाली तीनदा, झाले ९७५. सर्दीच्या गोळीत ५०० होतं, तीही तीनदा, झाले १५००. एकूण ४४२५ मिलिग्रॅम. डोकेदुखीची गोळी अजून धरलेली नाही. मावशींचं वजन त्रेचाळीस किलो. त्यांना वाटत होतं आपण वेगवेगळ्या दुखण्याला वेगवेगळं औषध घेतोय.

लहान मुलांत तर चूक चमच्यात होते. पॅरासिटामॉलचं सिरप एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्या बाटलीत ५ मिलिलिटरला २५० आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १००. म्हणजे सगळ्यात छोटी बाटली सगळ्यात कडक. मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम एका वेळी, हे धोरण. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ते ६ मिलिलिटर होतं, दुसरीतून ३ आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड मिलिलिटर. आता कुणी थेंबांचं औषध चमचाभर पाजलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, तिपटीहून जास्त. शेजारणीच्या पोराला पाच मिलिलिटर दिलं म्हणून आपल्याला पाच मिलिलिटर, असं चालत नाही. घरातला चहाचा चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज वापरा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध घरी पाजत बसू नका, लगेच डॉक्टर.

पॅरासिटामॉल जास्त गेल्याचं पहिल्या दिवशी कळत नाही हीच खरी मेख आहे. थोडी मळमळ होते, मग बरं वाटतं आणि यकृत दोन-तीन दिवसांनी बसतं. यावर उतारा आहे, तो पहिल्या आठ तासांत दिला तर फार चांगला चालतो. म्हणून मुलाने गोळ्या चॉकलेट समजून खाल्ल्या असतील किंवा घरात कुणी भांडणाच्या रागात, दुःखात मुद्दाम घेतल्या असतील, तर "बरी दिसते, झोपू दे" असं म्हणू नका. पट्टी सोबत घेऊन मोठ्या हॉस्पिटलला निघा. लोकलज्जेपायी तास घालवू नका. मन फार खचलं असेल तर बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं.

मुलींच्या पाळीच्या गोळीबद्दल थोडक्यात. त्यात बरेचदा मेफेनॅमिक अॅसिड असतं. पाळीच्या दोन-तीन दिवसांत, जेवून, एवढं चालतं. त्या गोळीनंतर काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं झालं तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा. औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने २०२३ मध्ये याचा इशारा दिलेला आहे. आणि दर महिन्याला मुलगी अंथरूण धरत असेल तर गोळी पुरेशी नाही, तपासणी हवी.

डोकेदुखीचंही तसंच. महिन्यात पंधरा दिवस डोकेदुखीची गोळी लागत असेल, तर बहुतेक वेळा गोळीच डोकं दुखवत असते. गोळीचा असर उतरला की डोकं ठणकतं, मग पुन्हा गोळी. चहापत्तीतलं कॅफीन घातलेल्या गोळ्यांना ही सवय आणखी लवकर लागते. अशा बायकांचं हिमोग्लोबिन आणि चष्म्याचा नंबर आधी बघा. आम्ही पाहिलेल्या कित्येक डोकेदुख्या चष्म्याने गेल्या.

पुडीतल्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टर किंवा 'डॉक्टर' म्हणवणारा कुणी नाव नसलेल्या तीन रंगांच्या गोळ्या देत असेल, तर नाव लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे, विनंती नव्हे. गुडघ्याच्या 'आयुर्वेदिक' पावडरने चार दिवसांत चमत्कार झाला तर खूश होण्याआधी शंका घ्या. अशा पावडरींत स्टेरॉइड मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. मेडिकलमध्ये दोनच गोळ्या घ्यायच्या असल्या तरी नाव आणि तारीख असलेल्या बाजूने पट्टी कापायला सांगा. फोनमध्ये पट्टीचा फोटो काढून ठेवला तरी पुरे. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, तिथे औषधाच्या खऱ्या नावानेच मागावं लागतं, म्हणून तरी ते नाव पाठ होतं.

गोळी न घेता काय करता येईल, याची यादी देऊन तुम्हाला कंटाळा आणायचा नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरंच उपयोगी आहे. दुखऱ्या सांध्यावर लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम गोळीपेक्षा कमी प्रमाणात रक्तात जातं, म्हाताऱ्या माणसांना ते बरं. दागिन्यांचं काम जमिनीवर वाकून न करता पाटावर ट्रे उंच ठेवून केलं तर मानेला फरक पडतो, आमच्या ताईने आता तसंच केलं आहे. पगारी रजा आणि कामाच्या जागी संडास हे औषधाच्या पानात बसत नाही असं कुणी म्हणेल. आम्हाला ते इथेच बसतं असं वाटतं.

पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात पुन्हा डबे उघडणार आहोत. येताना सगळ्या गोळ्या आणा, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. पोरांच्या सिरपची बाटली आणि तिच्यासोबतचं मापाचं झाकण दोन्ही आणा. बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या पिशवीत आणा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. आणि सासूबाईंचा डबा त्यांना विचारून आणा.